पाहुणे सहाव्या मिनिटालाच दारात

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य टाकलं होतं, की समोरचा तगडा असेल तर त्याला तगडं व्हायला वेळच देऊ नका, आणि झालं, महिनाभर पत्रं आणि मेल याच एका वाक्यावर. कोणाला हे पटलं, कोणी शिव्या घातल्या, एकाने तर हे करून बघितलं आणि हरल्यावर रीप्लेची फाईलच पाठवून दिली, म्हणजे पुरावा म्हणून. बहुतेक पत्रं एज ऑफ एम्पायर्स टू या गाव वसवून लढायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल आहेत, १९९९ चा गेम अजून घराघरात चालतोय, २०१९ ला नवीन आवृत्ती आल्यापासून तर जास्तच. एक पत्र बुद्धिबळाचं आहे, पण विषय तोच. त्यामुळे यावेळी बाकी सगळं बाजूला, फक्त रश, म्हणजे समोरचा तयार व्हायच्या आत त्याच्या दारात जाऊन केलेला हल्ला.

प्रश्न : आमचा ऑफिसचा पाच जणांचा ग्रुप आहे, शनिवारी रात्री मुलं झोपली की एज खेळतो. त्यातला एक १४०० एलोचा (एलो म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) आहे, मी ९०० च्या आसपास लटकलोय. दरवेळी ४० मिनिटं इमानेइतबारे खेळतो आणि मग तो पॅलाडिन घोडेस्वारांचा लोंढा घेऊन येतो, खेळ खल्लास. रश केला तर खरंच चान्स आहे, का नुसताच लवकर हरेन?
– चिंचवडहून एक वाचक

लवकर हरलात तर लवकर झोपाल, तोही फायदाच आहे. पण चान्स खरंच आहे, आणि तो का आहे ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल.

एलोच्या गणितात ५०० चा फरक म्हणजे वीस गेममधे तुम्ही साधारण एक जिंकणार. हे असं का होतं, तर तो १४००वाला काही जादू करत नाही, तो प्रत्येक छोटा निर्णय तुमच्यापेक्षा थोडासा बरा घेतो. घर वेळेवर बांधतो, शेतं वेळेवर लावतो, रिकामा बसलेला विली (व्हिलेजर, गावातला कामकरी) त्याला तुमच्या आधी दिसतो. एकेकटं बघितलं तर काहीच नाही, पण ४० मिनिटात असे शेकडो निर्णय होतात आणि त्याचं व्याज चढत जातं. म्हणजे गेम जितका लांबेल तितका तो जिंकण्याची खात्री वाढत जाते.

क्रिकेटमधे बघा ना. ६ जून २०२४, डॅलस, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. दोघांचे १५९, मॅच टाय, सुपर ओव्हर. अमेरिकेने १८ काढले आणि मग बॉल दिला सौरभ नेत्रावळकरच्या हातात, आपला मुंबईचा पोरगा, तिकडे सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून खेळणारा. पाकिस्तानचे १३ झाले, संपलं. आता हीच मॅच पाच दिवसांची टेस्ट असती तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. खेळ जेवढा छोटा तेवढी दुबळ्याला आशा जास्त. रश करणं म्हणजे समोरच्याला सांगणं की बाबा रे, आपण टेस्ट नको, डायरेक्ट सुपर ओव्हर खेळू.

पण एक आहे, नेत्रावळकरने त्या सहा बॉलसाठी आयुष्यभर नेटमधे घाम गाळला होता. तुम्ही शनिवारी रात्री पहिल्यांदाच रश करून बघाल तर तो रश नसतो, गोंधळ असतो. एकच बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय कधी बांधायचं त्याचा ठरलेला क्रम, घ्या, कॉम्प्युटरशी पंधरा-वीस वेळा तीच खेळा, हाताला सवय होईपर्यंत, आणि मगच ग्रुपमधे काढा. आणि पहिल्यांदा काढाल तेव्हा कोणाला सांगू नका हो, अर्धी गंमत तिथेच आहे.

कोणती घ्यायची? माझं मत, तीन मिलिशियावाला (मिलिशिया म्हणजे साधे शिपाई) डार्क एजचा, म्हणजे गेमच्या पहिल्याच टप्प्यातला रश, ज्याला लोक ड्रश म्हणतात. सुरुवातीला तुमच्याकडे असतात तीन विली, एक स्काऊट (टेहळणीचा घोडेस्वार), २०० फूड, २०० वूड, १०० गोल्ड आणि २०० स्टोन. बराकीला १७५ वूड लागतं, म्हणजे दोन घरं बांधून झाल्यावर लाकूड परत जमवावं लागतं, त्यासाठी चार-पाच जण लवकर लाकडावर टाका. बराक उभी राहिली की तीन शिपाई काढा आणि थेट त्याच्या लाकूडतोड्यांकडे. टाऊन सेंटरच्या, म्हणजे जिथे विली तयार होतात त्या गावाच्या मुख्य इमारतीच्या, जवळ अजिबात जायचं नाही, तिथून बाण येतात.

आता हे नीट वाचा, कारण इथे सगळे चुकतात. ड्रशचा उद्देश विली मारणं नाही. मारायचंच असेल तर हिशोब बघा. साध्या विलीला २५ हिट पॉईंट (म्हणजे जीव), मिलिशियाचा घाव ४ चा, म्हणजे सात घावात विली आडवा. पण समोरच्याने लूम (विलींना दणकट करणारी सुधारणा) घेतलं, ज्याला फक्त ५० गोल्ड आणि २५ सेकंद लागतात, की विलीचे होतात ४० हिट पॉईंट आणि वर एक चिलखत. मग तुमचा घाव उरतो ३ चा आणि घाव लागतात चौदा. सरळ डबल. १४००वाला लूम घेणारच. चौदा घाव खाईपर्यंत कोणता विली उभा राहील, तो पळणार, आणि तुम्हाला हवं आहे तेच, कारण पळणारा विली लाकूड तोडत नाही. तुम्ही एकाला हाणा, तो पळाला की सोडून द्या, दुसऱ्याकडे वळा, तो पळाला की पहिला परत येतो कामाला, मग परत त्याच्याकडे. डोकं फिरलं पाहिजे त्याचं. तुमचे तीन शिपाई त्याच्या आठ माणसांना आणि मुख्य म्हणजे त्याच्या माऊसला कामाला लावतात, आणि तेवढ्यात तुम्ही घरी शांतपणे फ्यूडलकडे, म्हणजे पुढच्या एजकडे, निघालेले असता.

याने तुम्ही त्याला दरवेळी हरवाल का, नाही. वीसात एकाचे तीन-चार झाले तरी शनिवारची चव बदलेल, आणि पॅलाडिनचा लोंढा निदान ४० च्या ऐवजी ५० व्या मिनिटाला येईल.

प्रश्न : दादा तुम्ही सांगितलं तसं केलं. तीन मिलिशिया नेले, ४ विली मारले, ४!! मित्राला ११ टाईप करून (त्याने गेममधे हसण्याचा आवाज जातो) हसलो पण. आणि तरी १८ व्या मिनिटाला मी हरलो. रीप्ले पाठवतोय. तुमची आयडिया फेल आहे.
– कोल्हापूरचा एक विद्यार्थी

अरे राजा, रीप्ले बघितला, दोनदा बघितला, दुसऱ्यांदा चहा घेऊन बघितला. तुझा रश फेल नाही गेला, तुझं घर फेल गेलं.

तू शिपाई घेऊन पोचलास तिथपर्यंत सगळं छान. मग तुझा कॅमेरा जो त्याच्या लाकडावर चिकटला तो तिथेच. मी घड्याळ लावून मोजलं, २ मिनिटं १० सेकंद तुझं टाऊन सेंटर रिकामं बसलंय. एक विली तयार व्हायला २५ सेकंद लागतात, म्हणजे तेवढ्या वेळात पाच विली झाले असते. त्याचे चार मेले आणि तुझे पाच जन्मालाच आले नाहीत. मग रश कोणी कोणावर केला सांग बघू?

त्यात परत मधे एकदा तुझी घरं संपली, स्क्रीनवर लाल अक्षरात सांगतोय तो गेम, आणि तू तिकडे एका विलीच्या मागे धावतोयस. २५ लाकडाचं घर रे, पाच माणसांची सोय होते. दोन मेंढ्या टाऊन सेंटरखाली नुसत्या उभ्या, कोणी हात लावला नाही, त्या पण बघत असतील की हा मालक गेला कुठे.

आणि चौथा विली मारलास ना, तिथे थांबायचं होतं. पण तुला पाचवा हवा होता, आणि तो पळाला टाऊन सेंटरकडे, आणि तू गेलास मागे, आणि वरून पडले बाण, आणि तिन्ही शिपाई एकदम गेले. हे सगळ्यांचं होतं, माझंही झालंय. कॉलेजच्या होस्टेलला आम्ही लॅनवर खेळायचो, एक सिनियर होता, त्याला कोणी हरवलं नव्हतं, मी त्याच्यावर असाच ड्रश केला, रूममधे आरडाओरडा, लोक कॉटवर उभे, आणि मी त्या जोशात तिन्ही शिपाई त्याच्या टाऊन सेंटरखाली नेऊन घातले. तो काही बोलला नाही, नुसता हसला, आणि बाराव्या मिनिटाला स्काऊट घेऊन आला माझ्याकडे. माझ्याकडे तेव्हा घोडे अडवायला एकही भालेवाला नव्हता.

तर तुझ्यासाठी दोनच कामं. पहिलं, एच हे बटण. ते दाबलं की टाऊन सेंटर सिलेक्ट होतं. लढाई चालू असताना मनात एक-दोन-तीन म्हण आणि एच दाब, विली रांगेत लाव, परत लढाईवर जा. एक-दोन-तीन, एच. समोर विली मरत असला तरी एच. आधी कॉम्प्युटरशी सराव कर, अगदी इझीवर ठेव, फक्त हेच. दुसरं, शिपाई पाठवायच्या आधी ठरव की नंतर काय. ड्रश हा नाटकाचा पहिला अंक आहे, तू पडदा पडला समजून चहा प्यायला गेलास. समोरचा विस्कटलेला असतो तेव्हा एक तर तू फ्यूडलला जाऊन तिरंदाज काढ आणि त्याच लाकडावर परत जा, नाहीतर आपल्या गावाला कुंपण घालून पुढच्या एजकडे सुट. दोन्ही चालतं. काहीच न ठरवणं चालत नाही.

११ चं बोलू नंतर, त्यावर वेगळं पत्र आलंय.

प्रश्न : मी, माझे मिस्टर आणि धाकटे दीर, रविवारी दुपारी तिघं खेळतो. दीर दरवेळी घोड्यावरचे स्काऊट घेऊन आठव्या-नवव्या मिनिटाला माझ्याकडेच येतात, भावाकडे कधीच जात नाहीत. मी शेतं नीट लावते, किल्ला बांधायची मला आवड आहे, पण किल्ल्यापर्यंत पोचतच नाही. मला विचारायचंय की हा रडीचा डाव नाही का? आणि नसेल तर याला थांबवायचं कसं?
– नाशिकहून एक वहिनी

ताई, तुमचं पत्र वाचून आमच्याकडे दोन गट पडले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, दुसऱ्याचं आवडेल.

रडीचा डाव नाही हो. नियमात बसतं, आणि दिरांनी त्यासाठी स्वतःची शेतं, स्वतःचे विली मागे ठेवलेत, म्हणजे किंमत मोजलीय. हा वाद फार जुना आहे आणि फार मोठ्या लोकांमधे झालाय. कोरियात स्टारक्राफ्ट नावाचा गेम टीव्हीवर दाखवायचे, तिथे २००४ मधे एका मोठ्या लीगची सेमीफायनल होती, बॉक्सर विरुद्ध येलो. दोघंही त्या काळचे देव, दोघांची जुनी खुन्नस, लोक वाट बघत होते. आणि बॉक्सरने काय केलं, पहिल्या गेमला सुरुवातीलाच येलोच्या दारात जाऊन बंकर बांधला आणि आत शिपाई बसवले. जिंकला. दुसऱ्या गेमला परत तेच. जिंकला. तिसऱ्या गेमला कोणाला वाटेल की आता हा वेगळं काही करेल, परत तेच! तीन-शून्य, काही मिनिटांत सगळं संपलं. लोक भयंकर चिडले, आम्ही काय हे बघायला बसलो होतो का म्हणून. कोरियन चाहते अजून त्यावर जोक करतात. पण निकाल कोणी बदलला नाही, कारण बदलण्यासारखं काही नव्हतंच. येलोला तिसऱ्या वेळी तरी ओळखता आलं पाहिजे होतं. (पुढे फायनलला बॉक्सर हरला, तीन-दोनने, हे ऐकून येलोला बरं वाटलं असेल.)

आता तुमचे दीर तिसऱ्यांदा नाही, तीसाव्यांदा तेच करतायत. म्हणजे तुम्हाला आधीच माहितीये कोण येणार, किती वाजता येणार आणि कशावर बसून येणार. पाहुणे कळवून येतायत ताई, स्वयंपाक तयार ठेवा.

तुमचा स्वतःचा स्काऊट सुरुवातीला मेंढ्या शोधून झाल्या की दिरांच्या गावाभोवती एक चक्कर मारू द्या. तबेला दिसला की नक्की झालं. मग फ्यूडलला पोचायच्या आधी बराक तयार ठेवा आणि पोचल्या पोचल्या दोन-तीन भालेवाले काढा. एक भाला ३५ फूड आणि २५ वूड, स्काऊटला ८० फूड. दिरांचं महाग, तुमचं स्वस्त, आणि भाला घोड्याला जास्त लागतो. हे भालेवाले घेऊन त्यांच्या मागे धावू नका, घोडा पळतो तुम्ही दमाल, नुसते लाकूडतोड्यांच्या शेजारी उभे करा. वॉचमनसारखे.

लाकडाच्या कडेला आणि सोन्याभोवती साधं लाकडी कुंपण घाला, आणि तुमची जी घरं तुम्ही कुठेही बांधता (मिस्टरांनी स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यांना रागावू नका) ती त्याच कुंपणाच्या रांगेत बांधा, म्हणजे घरही झालं आणि भिंतही झाली. लूम घ्या, वर चिंचवडच्या पत्रात त्याचा हिशोब दिलाय.

आणि ती घंटा! टाऊन बेल. तुम्ही लिहिलंय की स्काऊट दिसले की मी घंटा वाजवते. तीन घोड्यांसाठी अख्ख्या गावाची घंटा वाजवायची नाही ताई. शेतावरचे, सोन्यावरचे, मेंढीवरचे, सगळे हातातलं टाकून पळतात आत, आणि टाऊन सेंटरमधे मावतात फक्त पंधरा, बाकीचे दाराबाहेर गोंधळ घालतात. दिरांना एकही माणूस न मारता जे हवं होतं ते मिळालं. ज्या दोघा-तिघांवर घोडे आलेत फक्त तेवढेच सिलेक्ट करून आत घाला, बाकीचं गाव चालू राहू द्या. दहाव्या-अकराव्या मिनिटाला जर तुमचे विली त्यांच्यापेक्षा कमी नसतील, तर समजा गेम तुमच्याकडे झुकला, कारण त्यांनी घोड्यांवर घातलेलं फूड काही परत येत नाही. मग तुमचा किल्ला बांधा, आणि माझी विनंती आहे, त्यांच्या शेताच्या शेजारी बांधा.

अगदीच नको झालं तर गेम सुरू करायच्या आधी ट्रीटी म्हणून सेटिंग आहे, तह. तेवढी मिनिटं कोणी कोणावर हल्ला करू शकत नाही. आमच्या होस्टेलला हे सेटिंग नव्हतं तेव्हा नियम तोंडी असायचा, "नो रश ट्वेंटी मिनिट", आणि विसाव्या मिनिटाला सगळ्यांचं सैन्य सगळ्यांच्या कुंपणाबाहेर उभं असायचं घड्याळ बघत. पण मला विचाराल तर तह नका करू. एकदा भाल्यांवर घोडे आपटू द्या त्यांचे. मग बघा भावाकडे जातात की नाही.

प्रश्न : हे व्हिडिओ गेमचं नाही, चालेल का? माझी मुलगी ८ वर्षांची आहे, बुद्धिबळ शिकतेय. शाळांच्या स्पर्धेत पहिल्याच डावात चार चालीत मात झाली, वजीर आणि उंट आणून. रडली खूप. आता ती म्हणते मला पण तेच शिकवा, मी सगळ्यांना चार चालीत हरवणार. शिकवू का?
– रत्नागिरीहून एक वडील

चालेल काय, पळेल. हाच तर जगातला सगळ्यात जुना रश.

शिकवा, पण आधी थांबवायला शिकवा. पटावर लावूनच बघा दोघं. पांढरं प्यादं ई४, काळं ई५. पांढरा वजीर लगेच बाहेर, एच५ ला. इथे मुलं घाबरून जी६ ला प्यादं ढकलतात वजिराला हाकलायला, आणि वजीर ई५ चं प्यादं खातो, वर शह, आणि पुढच्या चालीला कोपऱ्यातला हत्ती जातो. म्हणून आधी घोडा सी६, ई५ ला आधार. मग पांढरा उंट येतो सी४ ला आणि आता दोघांची नजर एफ७ वर, जिथे राजाशिवाय कोणी राखण करत नाही. तुमच्या मुलीने बहुतेक इथे दुसरा घोडा एफ६ ला काढला असणार, वजिरावर हल्ला केला म्हणून खूश होऊन, आणि वजिराने एफ७ खाल्लं, मात. तर इथे जी६. तीच चाल, जी आधी चूक होती ती आता बरोबर, फक्त एका चालीने उशिरा. वजीर मागे एफ३ ला गेला, परत मात करायची धमकी, आणि आता घोडा एफ६ ला, रस्ता बंद.

आता तिला पट बघायला सांगा. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आहेत, छान जागी. आणि पांढऱ्याचा वजीर तीनदा... नाही, दोनदा हलून एफ३ ला बसलाय, जिथे त्याच्या स्वतःच्या घोड्याला यायचं होतं. रश फसला की हे असं दिसतं. तिला हे बोट ठेवून दाखवा, आठ वर्षांच्या मुलांना कळतं, आपल्यापेक्षा लवकर कळतं.

मग पांढऱ्याकडून पण शिकवा, एक-दोन मैत्रिणींना हरवू दे, हौस आहे. ज्या दिवशी समोरची मुलगी सी६, जी६, एफ६ असं करेल त्या दिवशी ती आपोआप घरी येऊन विचारेल की बाबा, दुसरं काहीतरी शिकवा. तोपर्यंत तुम्ही घाई करू नका.

प्रश्न : आम्ही एजमधे फक्त ब्लॅक फॉरेस्ट हा नकाशा खेळतो. रश कसा करायचा?
– सोलापूर

नाही करायचा. जंगलातून दोन-तीन चिंचोळ्या वाटा, त्या त्याने कुंपणाने बंद केल्या की तुमचे शिपाई बाहेर उभे राहून झाडं मोजणार. अरेना नकाशावर तर सुरुवातीपासूनच दगडी तट असतो. रशसाठी मोकळं मैदान हवं, अरेबिया नकाशा घ्या. आणि तुमच्या ग्रुपला अरेबिया नको असेल तर समजून जा की त्यांना पण रशची भीती वाटते, म्हणजे तो तुमच्या कामाचा आहे.

प्रश्न : रश म्हणजे आपला गनिमी कावाच की! शिवाजी महाराजांनी जे केलं तेच हे. तुम्ही लिहीत का नाही?
– तीन वाचक, साताऱ्याचे दोन आणि बेळगावचा एक, जवळपास सारखंच पत्र

लिहीत नव्हतो कारण सगळ्याच गोष्टींना गनिमी कावा म्हणायची आपल्याला सवय लागलीय, पार्किंग मिळालं तरी गनिमी कावा. पण विचारलंच आहे तर बोलू.

रश दोन प्रकारचे असतात आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक ऑल-इन, म्हणजे सगळं विकून एकच धडक, लागली तर लागली, नाहीतर घरी काहीच उरलेलं नाही. हा गनिमी कावा अजिबात नाही, उलट आहे, कारण त्यात परतीचा रस्ताच ठेवलेला नसतो. दुसरा प्रकार, जो मी वर चिंचवडवाल्यांना सांगितला, थोडी माणसं, ठरलेली जागा, गोंधळ उडवायचा आणि पूर्ण सैन्य जागं व्हायच्या आत निघायचं. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, लाल महाल. भोवती मुघलांची एवढी मोठी छावणी, तिच्याशी लढायला महाराज गेलेच नव्हते. मूठभर माणसं घेऊन थेट शायिस्ताखानाच्या महालात शिरले, खानाची बोटं तुटली, मुलगा मारला गेला, आणि छावणीला नीट कळायच्या आत सगळे बाहेर. छावणी तिथेच होती, फौज तेवढीच होती. पण खानाचं पुण्यातलं चित्त उडालं ते उडालंच, आणि औरंगजेबाने त्याला बंगालला पाठवलं.

कोल्हापूरवाला वाचतोयस ना? पाचव्या विलीच्या मागे टाऊन सेंटरखाली कोणी गेलं नाही तिथे.

प्रश्न : ११ टाईप केलं की समोरच्याला हसण्याचा आवाज ऐकू जातो. रश यशस्वी झाला की हे करणं वाईट दिसतं का? आमच्याकडे यावरून भांडणं झालीत.
– पुण्याहून एक वाचक

हसायला दोन आकडे टाईप करावे लागतात, त्यात एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात एच दाबून एक विली लावून होतो. भांडण सोडा, मला तरी तो हिशोब परवडत नाही.

मित्र असेल तर करा, तो पुढच्या शनिवारी परतफेड करेलच. सासरेबुवा असतील तर नका करू. माझ्या एका मित्राने केलं होतं. दिवाळीत केलं होतं. पुढच्या दिवाळीला त्याच्या सासऱ्यांनी मुलाकडून रश शिकून घेतला होता आणि सातव्या मिनिटाला घरभर तो हसण्याचा आवाज, स्पीकर फुल.